भुकेल्या पाहुण्याचे फोटो

"हा कोणी टाकला?" कुसुमने मोबाइल लेकीच्या नाकासमोर धरला.

फोटोत खानावळीची पायरी होती. कोपऱ्यातून तुटलेली, आतली वीट उघडी पडलेली. खाली लिहिलं होतं, 'भाजी छान. पायरीवर पाय सांभाळा.' लिहिणाऱ्याचं नाव होतं 'भुकेला पाहुणा'.

"कोणी गिऱ्हाईक असंन, आई," मोनाली म्हणाली. "आपली खानावळ नेटवर टाकली ना, तिथं कोणीबी फोटो टाकू शकते."

"मंग काढून टाक."

"आपले काढता येते. लोकायचे नाई. तक्रार करता येते फक्त."

"कर तक्रार."

तक्रार केली. उत्तर आलं, की फोटोत गैर काहीच नाही.

एरवी कुसुमने असल्या फोटोकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण सौंसर-बोरगाव रस्त्यावर, तिच्या अगदी समोर, डिंपल नावाच्या बाईने रंगीत दिव्यांचा नवा ढाबा काढला होता आणि निम्मं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून तिकडे गेलं होतं. त्यात बोरगावला नवा कारखाना सुरू होणार होता. बाहेरगावचे इंजिनियर येणार, त्यांच्या दोन्ही वेळच्या जेवणाचं काम कोणाला तरी मिळणार. ते मिळालं तर खानावळ तरेल, नाहीतर कुलूप लावायची वेळ येईल, हे कुसुमला पक्कं ठाऊक होतं. आणि कारखान्याचा साहेब आधी मोबाइलवर फोटो पाहतो, मगच जेवायला येतो, अशी खबर होती.

म्हणून पांढुर्ण्याला नोकरी करणारी मोनाली दर रविवारी घरी आली की मायलेकी फोटो निवडायला बसत. पातोडीच्या रश्श्यावरची लाल तर्री, तव्यावर टम्म फुगलेली ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी. "तो नको, मांगं मोरी दिसते," कुसुम म्हणे. "अन् यात ठेचा सुकला वाटते." एका ताटाचे ढीगभर फोटो काढून व्हायचे, तोवर भाजी गार.

आणि एवढ्या मेहनतीवर ही पायरी!

"डिंपलचंच काम हाय हे," ती म्हणाली.

"पायरी नीट करून घे ना," तिचा नवरा सुखदेव गल्ल्यावरून म्हणाला. त्याची नजर मोबाइलवरच होती. तिथे शंकरपटाच्या शर्यतीत बैल उधळत होते.

"तुमाले काय जाते सांगायले! बैल पाहा तुमी."

नवऱ्याचं ऐकायचं नाही, हे व्रत कुसुमने लग्नापासून निष्ठेने पाळलं होतं. जीव होता तिचा त्याच्यावर, भरपूर होता. त्याला साधा ताप आला तरी ती उशाशी ठाण मांडून बसे. पण त्याने सल्ला दिला की हिच्या कपाळावर आठी पडलीच म्हणून समजा. गिऱ्हाइकाने मात्र मीठ कमी म्हणायचा अवकाश, ती अख्खं पातेलं परत चुलीवर चढवायची. गिऱ्हाईक बोललं तर तो मान, घरचा बोलला तर ती कटकट.

सोमवारी गवंडी आला आणि पायरी धड झाली.

मग भुकेल्या पाहुण्याने चुलीमागच्या काजळलेल्या भिंतीचा फोटो टाकला. कुसुमने डिंपलच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि गवंड्याला परत बोलावून भिंतीला चुना मारून घेतला. गवंडी आलाच होता, तर धूर जायला वर झरोकाही पाडून घेतला. तिचा जुना खोकला त्यानंतर कमी झाला, पण त्याचं श्रेय तिने कोणाला दिलं नाही.

आता तिने पहाराच सुरू केला. जेवताना कोणी मोबाइल उचलला, की ही पळी घेऊन त्याच्या मागे उभी. एक बिचारा व्हिडिओवर बायकोला ताट दाखवत होता, त्याने घाबरून फोनच बंद करून टाकला.

एवढं करूनही पुढच्या रविवारी नवा फोटो आलाच. या खेपेला फोटोत कुसुम होती. ओट्याला टेकून, उभ्या उभ्या थंड भाकर चावणारी, केस विस्कटलेले. खाली लिहिलं होतं, 'सगळ्यांना बसवून वाढते आणि स्वतः उभ्याने जेवते. मग आम्हाला घास गोड कसा लागेल?'

कुसुमने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. रागही आला नाही तिला.

"साहेबानं पाह्यलं तं काय म्हणंन? इतकी वाईट दिसतो का वं मी?"

मोनाली तिच्याजवळ सरकली. "वाईट नाई, आई. थकेल दिसतं."

"गिऱ्हाईक नाराज हाय म्हणजे बसाच लागन," कुसुम डोळे पुसत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक छोटं टेबल मांडलं. शेवटची पंगत उठली की ती दार लावून घेई, गरम भाकर करे आणि बसून जेवे. एकटीला घास उतरेना, म्हणून सुखदेवलाही हाक मारली. "तुमी बी या. बसून खायची सवय नाई मले, कसंतरीच वाटते." तो आला. बैलांच्या गोष्टी सांगू लागला, त्याही तिने ऐकल्या. कितीतरी वर्षांनी दोघं निवांत जेवत होती.

कारखान्याचा साहेबही एकदाचा येऊन जेवून गेला. ठेचा दोनदा मागितला आणि जाताना जेवणाचं काम ठरवून गेला. कुसुमने त्या दिवशी सगळ्यांना शेवया वाढल्या. एक वाटी डिंपलच्या ढाब्यावरही धाडली, म्हणे आता कायचा राग.

रविवारी मोनालीने मोबाइल उघडला आणि ती ओरडलीच, "आई, भुकेल्या पाहुण्यानं अजून एक टाकला! पण पाह्य तं, किती सुंदर आला!"

कुसुमने मोबाइल हातात घेतला. फोटोत ती टेबलाशी बसली होती. हातात वाफाळत्या भाकरीचा तुकडा होता आणि ती खळखळून हसत होती. खाली एवढंच होतं, 'आता जेवण गोड लागते.'

ती कितीतरी वेळ त्या फोटोकडे बघत राहिली. तो टेबलाच्या पलीकडून काढला होता, अगदी हातभर अंतरावरून. आणि दार लावलेल्या त्या स्वयंपाकघरात टेबलाच्या पलीकडे सुखदेवशिवाय कोणी बसतच नव्हतं.