डाव्या हाताचा सेट

“काठी नाही म्हणायचं. क्लब म्हणायचं,” दुकानदार म्हणाला. “उद्या तिथे काठी म्हणालात, की तोंड उघडताच पकडले जाल.”

स्टोअरकीपरने मान हलवली. पकडलं जायच्या भीतीनेच तो जुन्या खेळसामानाचं हे दुकान शोधत आला होता. परवा लिफ्टमध्ये मोठ्या साहेबांनी सहज विचारलं होतं, गोल्फ खेळता का. कंपनीच्या दोन गोदामांचं एक होणार आणि दोन स्टोअरकीपरांतला एकच राहणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अशा वेळी जे तोंडून निघतं तेच निघालं. थोडंफार खेळतो, सर. मग रविवारी या, साहेब म्हणाले, आणि लिफ्टचं दार उघडलं.

आज शनिवार होता. त्याने आयुष्यात गोल्फचा चेंडूसुद्धा हातात धरला नव्हता.

नव्या सेटच्या किमती बायकोने सकाळीच मोबाइलवर पाहिल्या होत्या आणि मोबाइल पालथा ठेवून दिला होता. दुकानदार मात्र समजूतदार निघाला. नवशिक्याला चौदा क्लब काय करायचेत, तो म्हणाला. लांब मारायला एक, मधल्या अंतराला तीन, वाळूतून चेंडू काढायला एक आणि शेवटी हलकेच खड्ड्यात ढकलायला एक, सहात भागतं. खेळही त्याने चार शब्दांत सांगून टाकला. अठरा खड्डे. ज्याचे फटके कमी, तो जिंकला. बायको तेव्हा दाराबाहेर उभी राहून लेकीला फोनवर गॅस बंद करायला सांगत होती.

सहा क्लबही ऐपतीत बसेनात, तेव्हा दुकानदाराने मागच्या खोलीतून एक हिरवीगार बॅग आणली. आतला माल उत्तम, किंमत निम्म्याहून कमी. खोट एवढीच, की सेट डाव्या हाताने खेळणाऱ्याचा होता, आणि आल्यापासून त्याला कुणी विचारलं नव्हतं.

“पण मी उजवा आहे,” स्टोअरकीपर म्हणाला.

“तुम्ही अजून कोणीच नाही,” दुकानदार म्हणाला. “सवय लागायच्या आधी दोन्ही हात सारखेच.”

आत आलेल्या बायकोला हे एकदम पटलं. मग त्यालाही पटवून घ्यावं लागलं. पैसे दिले, पावती खिशात गेली.

वीस वर्षांच्या नोकरीत त्याने माल न तपासता कधी सही केली नव्हती. खोकं उघडायचं, उलटं करायचं, झटकायचं, मग पेन काढायचं. आज तेवढं राहूनच गेलं, आणि आता उशिरा का होईना, हात आपल्या सवयीने कामाला लागले. बॅगेच्या एका कप्प्यातून उजव्या हाताचा विटलेला मोजा निघाला. दुसऱ्यातून घडी घातलेलं एक कार्ड.

कार्डावर खेळाचे आकडे होते. एका रकान्यावर ‘साहेब’ लिहिलेलं, दुसऱ्यावर ‘मी’. आकडे सगळे मागे रेललेले. असे आकडे त्याने अकरा वर्षं रोज चलनांवर पाहिले होते. हे अक्षर डिस्पॅचमधल्या डावऱ्यांचं. डाव्या हाताने लिहायचे म्हणून कुणीतरी थट्टेत ठेवलेलं हे नाव इतकं अंगवळणी पडलं होतं, की एकदा त्यांच्या पगाराच्या चिठ्ठीवरही तेच छापून आलं. रविवारी ते काय करतात, हे मात्र त्यांनी कधी कुणाला कळू दिलं नव्हतं. गेल्या महिन्यात एका सोमवारी त्यांना घरी बसवलं. का, ते कुणालाच समजलं नाही.

कार्डावर त्या सोमवारच्या आदल्या दिवसाची तारीख होती.

पहिल्या खड्ड्यावर साहेब पाच, मी सहा. दुसऱ्यावर साहेब चार, मी पाच. सतराच्या सतरा खड्ड्यांवर डावरे बरोबर एका फटक्याने मागे. इतकं बेताने हरायला माणसाला किती चांगलं खेळता येत असेल, असं त्याच्या मनात आलं. मग त्याने शेवटची ओळ पाहिली. साहेब पाच. मी चार. त्या चाराभोवती पेनने गोल काढला होता, एकावर एक दोनदा, कागद फाटेल इतका दाबून.

ही हिरवी बॅग साहेब मैदानाच्या दुसऱ्या टोकावरूनही ओळखतील. त्याने दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदाराच्या डोक्यावर पाटी होती, विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

“हे डावरेभावोजींचं ना?” बायकोने त्याच्या हातातून कार्ड घेतलं. डावरे घरी येत, त्यांचं अक्षर तिलाही माहीत होतं. ती एकेक ओळीवरून बोट फिरवत खाली आली.

“सगळीकडे तेच पुढे आहेत की,” ती म्हणाली. “शेवटच्या एका खड्ड्यावर तेवढे हरले बिचारे. तेवढ्यासाठी घालवलं त्यांना?”

त्याने सांगायला तोंड उघडलं आणि तिच्याकडे पाहिलं. परवापासून तिचाही डोळ्याला डोळा लागला नव्हता. खरं काय ते सांगायचं त्याच्या जिवावर आलं.

“हो,” तो म्हणाला. “त्या एका खड्ड्यासाठीच.”

तिने कार्डाची घडी घालून ते त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवलं. मग बॅग उचलली आणि पट्टा त्याच्या खांद्यावर नीट बसवून दिला.

“मग तुम्ही उद्या एकदासुद्धा हरू नका,” ती म्हणाली.