यंत्राचे लाड

साहेब, चौकातल्या हवा मोजणाऱ्या यंत्राला तुम्ही उघड उघड फसवलंत, आणि ते घाणेरडं काम माझ्या दादाकडून करून घेतलंत. धूळ बसावी आणि प्रदूषणाचा आकडा खाली दिसावा म्हणून दादा दिवसभर टँकरच्या पाइपने त्या यंत्राभोवती पाणी मारायचा. फवारा यंत्राला, टँकरचा काळा धूर दादाच्या तोंडावर.

"यंत्राचे लाड चाललेत, आणि यांच्या छातीत शिट्टी वाजतेय," वहिनी म्हणायची. दादा हसायला गेला की खोकून खोकून वाकायचा. शेवटी डॉक्टरांनी फुप्फुसांचा फोटो दाखवून बजावलं, "असेच धुरात उभे राहिलात, तर वर्ष काढणार नाही." डॉक्टरांची तशी चिठ्ठी जोडून दादाने तुमच्याकडे अर्ज केला की मला आतलं कुठलंही काम द्या, फरशी पुसायचं दिलंत तरी चालेल.

काल तुमच्या सहीशिक्क्याचं उत्तर आलं: "नोंदीनुसार अर्जदार शहरातील सर्वांत शुद्ध हवेच्या ठिकाणी काम करतो. सबब बदली नामंजूर."

त्या शुद्ध हवेत उद्यापासून पाइप धरायला तुम्ही किती वाजता येताय, साहेब? लेखी कळवा.