प्रवचनाला पाच स्टार

हॉटेलला स्टार देतात, टॅक्सीवाल्याला देतात, मग पाळकांनाच का नको, असं म्हणून चर्चच्या कमिटीने नव्या पाळकांच्या प्रवचनासाठी कार्डं छापून घेतली. पाळक ठेवायचे की बदलायचे, ते या कार्डांवरून ठरणार होतं. पहिल्याच रविवारी बहुतेकांनी दोन स्टार दिले, काहींनी अडीच. अर्धा स्टार कसा काढायचा यावर प्रवचनापेक्षा जास्त चर्चा झाली. पाचच्या पाच स्टार फक्त एकाच कार्डावर होते, शिवणवाल्या मावशींच्या. पाळकांच्या जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते मावशींच्या दुकानात जाऊन बसले.

"मावशी, प्रवचनातलं नेमकं काय आवडलं तुम्हाला?"

"काय सांगू? पाच मिनिटांतच माझा डोळा लागला."

पाळकांचा चेहरा पडला. "मग पाच स्टार कशाचे दिलेत?"

मावशींनी मशीन थांबवलं. "अहो पाळकसाहेब, ऐकून दिले असते तर ती तुमची कमाई झाली असती. हे मी आपले असेच दिले. त्याला चर्चमध्ये काहीतरी शब्द आहे ना?"

"कृपा," पाळक पुटपुटले.

"हां, तीच. फक्त पुढच्या रविवारी मला जागं ठेवू नका म्हणजे झालं. नाहीतर मलाही बाकीच्यांसारखे मोजूनमापून द्यावे लागतील."