टाकीतल्या परक्या

बाजारातून माशांच्या टाकीसाठी आणलेल्या रोपांना चिकटून परदेशी जातीच्या चार गोगलगायी घरात आल्या. प्रणाली झूलॉजी शिकलेली, आठ दिवसांनी त्या दिसल्या तेव्हा तिला धडकीच भरली. या भराभर अंडी घालणार आणि टाकीतल्या आपल्या देशी गोगलगायींच्या तोंडचा घास पळवणार! ती चहाच्या गाळणीनं त्यांना वेचू लागली. पहिलीतली यशश्री डाव्या हातात बरणी धरून उभी होती; डावखुरीच ती, पण लिहायला आईनं तिला उजवा हात लावला होता.

"आई, बाहेरची कोणती, कसं समजतं?"

"शंखाचं टोक वर धरून तोंड आपल्याकडे करायचं. तोंड उजवीकडे आलं तर आपली, डावीकडे आलं तर ती बाहेरची."

"बाहेरची आपल्यांशी भांडते काय?"

"भांडत नाही गं. पण जपलेलं बरं."

"मग काहून काढून राहिली तिला? मी आठ दिवसांपासून पाहून राहिली ना! आपल्या खाली रेतीत खातात, ह्या वर काचेवर चढून खातात. कोणाचंच अडत नाही."

प्रणालीनं टाकीला नाक लावलं. उरलेल्या दोघी काचेवर चरत होत्या, देशी खाली रेतीत; पोरगी म्हणत होती तसंच होतं. एवढं शिकून आपण नुसतं पाहिलंसुद्धा नाही, याचं तिलाच नवल वाटलं. "चलो, राहू दे मग. बघू तरी पुढं काय होतं," म्हणत तिनं बरणी हळूच टाकीत उलटी केली.

यशश्री बरणीतले दोन्ही शंख तळाशी टेकेपर्यंत पाहत राहिली. मग तिनं विचारलं, "आई, मग उद्यापासून मीपण डाव्या हातानं लिहू?"