डावीकडून येणारा आवाज

बेअरिंग आदल्या दिवसापासून फ्रीझरमध्ये होतं, वाटाण्याच्या पिशवीला खेटून. आणि ज्या लोखंडी घरात ते बसायचं होतं, ते अर्धा तास ओव्हनमध्ये तापत पडलं होतं. स्वयंपाकघरभर जुन्या ग्रीसचा वास.

"केक कधी होणार?" बायकोने विचारलं.

"फुगला की," नवरा म्हणाला. "गरम लोखंड फुगतं, गार आकसतं. हातोडा लागतच नाही. दोघांची नुसती गाठ घालून द्यायची."

"आपल्या वेळी सहा महिने ठोकाठोक चालली होती."

तो हसला, तिचे ओव्हनचे हातमोजे चढवून तापलेला भाग उचलला आणि मागच्या दाराने गॅरेजमध्ये नेला. ती मागोमाग, नॅपकिनमध्ये गार बेअरिंग धरून, जणू ते कुणाचं तरी तान्हं होतं.

गॅरेजमध्ये त्याची लाल, बुटकी, दोनच सीटांची स्पोर्ट्स कार लोखंडी घोडीवर चढवलेली होती. हिच्यात बसायचं नसतं, पडायचं असतं, असं ती म्हणायची. गाडीचं मागचं डावं चाक भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

"सरळ धर. आता सोड."

तिने सोडलं. टुप्. बेअरिंग आपलं आपण खाली जाऊन बसलं. दोघंही क्षणभर बघतच राहिली.

मागचं चाक गुणगुणतंय हे महिन्यापूर्वी पहिल्यांदा त्यालाच कळलं होतं. एकच फेरी मारून त्याने निदान केलं होतं, मागचं डावं. त्याच्या निदानावर कुणी शंका घेत नसे. कारखान्यातले पंप दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. अकरा पंप चालू असताना फाटकातूनच सांगायचा, सातव्याला बरं नाहीये. तिथे त्याला नावाने कुणी ओळखतच नसे. 'कान' म्हणायचे. त्या कानाचा त्याला भारी अभिमान.

तिला मात्र आवाज उजवीकडून येत होता. ती महिनाभर गप्प बसली होती.

दुपारपर्यंत सगळं जागच्या जागी बसलं. त्याने हात पुसले, तिला शेजारी बसवलं आणि गाडी रस्त्यावर काढली. चाळीसच्या पुढे गेली तशी मागून घूं सुरू झाली. साठला वाढली.

त्याने वेग कमी करून पुन्हा वाढवला.

"फालतू माल," शेवटी म्हणाला. "नवंकोरं बेअरिंग आणि पहिल्याच दिवशी रडायला लागलं. पुन्हा काढतो."

"काढलं की ते मोडतं म्हणाला होतात."

"मोडू दे. दुसरं आणू. डावीकडूनच येतोय, ऐक ना."

तिने ऐकलं. हा आता एकामागून एक बेअरिंगं काढत बसणार, जगातल्या सगळ्या बेअरिंगांना खोटं पाडणार, आणि उजवं बिचारं झिजत झिजत एक दिवस रस्त्यात जाम होणार. तेव्हाही शेजारच्या सीटवर आपणच असणार.

घरी येताच तो जॅक घेऊन डावीकडे निघाला.

"अहो, एकदा उजवं उचला."

"उजव्याला काय धाड भरलीय?"

"माझ्या समाधानासाठी."

बायकोची हौस पुरवावी तसं त्याने उजवं उचललं. ती गुडघ्यांवर बसली, त्याचा हात धरून चाकाच्या आतल्या स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने चाक जोरात फिरवलं. तिला काही जाणवायचं कारण नव्हतं. तिने फक्त त्याचा चेहरा बघितला. वाळूवरून चालल्यासारखी खरखर त्याच्या बोटांत चढली असावी. चाक थांबलं तरी त्याने हात काढला नाही.

मग उठला, डावं उचललं, तसंच हात लावून फिरवलं. गाडीच्या पलीकडून त्याचा नुसता सुस्कारा ऐकू आला. परत येऊन तो उजव्या चाकासमोर जमिनीवर बसला.

"मग मला डावीकडून का आला?"

गाडी पोकळ असते, आवाज भटकतो, असं एक उत्तर तिने महिनाभर तयार ठेवलं होतं. अगदीच खोटंही नव्हतं ते.

"तुम्हाला सगळंच डावीकडून येतं," ती म्हणाली. "दाराची बेल डावीकडून, शेजाऱ्यांचं कुत्रं डावीकडून. फोन तर वर्षभरात तुम्ही उजव्या कानाला लावलेला नाही."

"वर्षभर?"

"जास्तच."

त्याने पाना घेऊन एक नट उगाच चाचपला, पाना खाली ठेवला. मग डावा तळहात डाव्या कानावर गच्च दाबला आणि डोळे मिटले.

"बोल काहीतरी."

"काय बोलू?"

तो वाटच बघत होता. म्हणजे हे पोचलंच नाही.

ती सरकून त्याच्या उजव्या खांद्याशी बसली. आणि भाजी काय आणायची ते सांगावं इतक्या साध्या आवाजात, चाकाच्या पाच नटांकडे बघत, तिने ती दोन वाक्यं बोलून टाकली, जी एकतीस वर्षांच्या संसारात बोलायचं तसं काही निमित्तच निघालं नव्हतं. पहिलं लहान होतं. दुसरं जरा लांबलं.

त्याने हात खाली घेतला. कान ग्रीसने काळा झाला होता.

"काय म्हणालीस?"

"उजवं चाक काढा, म्हटलं."