वेडा ठिपका

आलेखावरचे सगळे ठिपके शहाण्या मुलांसारखे रेषेला धरून बसले होते. एकच तेवढा वर उधळलेला. ऑफिसात त्याला ‘वेडा’ म्हणत, आणि दर अहवालात सर त्याची तळटिपेत बोळवण करत.

एक ठिपका म्हणजे अणुभट्टीतून बाहेर काढलेली इंधनाची एक नळी. भट्टीत असताना इंधनाच्या आत वायू साठत जातो, बारीक बारीक बुडबुड्यांनी. त्यातला किती आतच दबून राहील आणि किती सुटून नळीला फुगवेल, हे सरांची रेषा सांगे. ती त्यांची उभ्या हयातीची कमाई होती. वेड्यातून मात्र रेषेच्या तिप्पट वायू निघाला होता.

आज अहवालावर सरांनी आणि त्यांच्या हाताखाली गणितं मांडणाऱ्या तिने, अशी दोघांनी सही करायची होती. ती झाली की भट्टीची शक्ती रोज चढवण्या-उतरवण्याला परवानगी मिळणार होती.

सर कालच कामावर परतले होते. त्यांच्या धाकट्या भावाने आपणहून जीव दिला हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कोणी विचारलं नव्हतं. अशा माणसापुढे नवा आलेख ठेवणं तिच्या जिवावर आलं होतं. पण सही करणं त्याहून जिवावर आलं होतं. तिने आलेख ठेवला. नवी रेषा थेट वेड्यातून गेली होती.

“सर, हा वेडा नाही,” ती म्हणाली. “आपण गणिताला महिन्याची सरासरी शक्ती देत आलो. या नळीला एका दुपारी शक्ती एकदम चढल्याचा झटका बसला होता. सरासरीत तो दिसतच नाही.”

एरवी तिची सालटी निघाली असती. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग बाकीच्या नळ्यांचं काय, एवढंच विचारलं.

वायू त्यांच्यातही तेवढाच साठलाय, तिने सांगितलं. त्यांना झटका बसला नाही, म्हणून त्या शहाण्या. रोज शक्ती वर-खाली केली तर आता भट्टीत असलेली तशी कुठलीही नळी फुटू शकेल.

 सरांनी अहवाल जवळ ओढला, पेन्सिलीने तळटीप खोडली आणि सहीची जागा तशीच कोरी ठेवून तो तिच्याकडे सरकवला. तिला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. ती उठली.

“महिन्यातून एकदा फोन करायचो मी धाकट्याला,” सर आलेखावरून नजर न काढता म्हणाले. “बरा असायचा.”