वक्ता क्रमांक चौदा

वक्ता क्रमांक तेरा अध्यक्षांना दीर्घायुष्य चिंतत होते, तेव्हा लोटननानांनी मोबाइल काउंटरवरच्या वजनकाट्याला टेकवून सरळ केला आणि टोपी नीट बसवली. पुढचा नंबर त्यांचा होता.

बंगळुरूच्या एका सॉफ्टवेअर कंपनीची वार्षिक सभा ऑनलाइन चालली होती आणि भागधारक म्हणून नाना धुळ्याच्या देवपुरातल्या आपल्या बियाण्यांच्या दुकानातून हजर होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी चारशे बाराच्या भावाने शेअर घेतले होते. तेव्हापासून दर तिमाहीला कंपनीचा नफा वाढत होता आणि दर तिमाहीला शेअर पडत होता. आता तो शहाण्णववर होता. का, ते ब्रोकरला सांगता येत नव्हतं, टीव्हीवरच्या तज्ज्ञालाही नाही. नानांना पैसे गेल्यापेक्षा हेच जास्त लागलं होतं. पिकावर कीड पडली तर तिला निदान नाव तरी असतं.

आधीच्या तेरा जणांनी अहवालाच्या मुखपृष्ठाची तारीफ केली होती. दोघांनी दिवाळीला मिठाई घरपोच पाठवावी असं सुचवलं होतं. भावाचं कुणी काढलंच नव्हतं.

नानांनी दीड पानाचा प्रश्न लिहून आणला होता. तेवढ्यात समोर उभा असलेला झुलाल हरभऱ्याच्या बियाण्याची पिशवी उलटीपालटी करत म्हणाला, "नाना, पिशवीवर त बठ्ठं चांगलं लिखेल शे. तुमना वावरमा लायेल शे का हाई?"

"लायेल शे. दोन बिघा."

स्वतःच्या शेतात लावलंय का, तीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाईक नानांना हेच विचारत आलं होतं. उत्तर 'नाही' असेल, तर पिशवी कधी खपली नव्हती. नानांनी कागदाची घडी घातली आणि खिशात टाकली.

"स्पीकर फोर्टीन, यू हॅव टू मिनिट्स."

"साहब, कंपनी बहुत अच्छी है, आपने अभी बताया," नाना म्हणाले. "इस साल आपने अपनी जेब से कितने शेअर लिए?"

अध्यक्ष हसले. मग हसायचे थांबले. शेजारच्या अर्थप्रमुखांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं. उत्तर ईमेलने कळवू, असं कुणीतरी म्हणालं.

"साहब, एक आकडा है. उसके लिए ईमेल?"

नानांकडे अजून दीड मिनिट होतं. ते त्यांनी कॅमेऱ्याकडे बघत, गप्प बसून वापरलं. शेवटची दहा सेकंदं उरली तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "निल."

"म्हंजे लायेल नहीं," झुलालने पिशवी काखेत मारत निकाल दिला.

वक्ता क्रमांक पंधरा मिठाईवर बोलणार होते. त्यांनी मिठाई सोडली आणि विचारलं, मागच्या वर्षी किती घेतले होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार उघडला आणि दहाव्या मिनिटाला शेअर आणखी नऊ रुपयांनी खाली आला. झुलाल दुसरी पिशवी न्यायला आला होता. नानांचा चेहरा बघून त्याला वाटलं, चढला.

"पडना," नानांनी सांगितलं.

"आते काबर पडना?"

का पडला, या प्रश्नाचं उत्तर दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणाकडे तरी होतं. नानांनी समोरच्या टपरीवाल्याला सगळ्या दुकानासाठी चहाची खूण केली, टोपी नीट बसवली आणि म्हणाले,

"मी पाडला."